गुडघ्याचे दुखणे : व्याधी की वार्धक्य?

आपल्या घरांत वडीलधाऱ्यांच्या दुखण्याचा निकाल फार लवकर लागतो. अम्मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबतात, कठड्याला धरून दम घेतात, आणि खालून कोणीतरी म्हणते, वय झाले, आता गुडघे दुखणारच. पुष्कळदा अम्मी स्वतःच ते म्हणतात, म्हणजे इतरांना म्हणावे लागू नये. या वाक्याला नम्रतेचा सूर असतो. त्यात अल्लाहच्या इच्छेपुढे मान झुकवल्याचा भास होतो आणि म्हणूनच त्यावर पुन्हा कोणी प्रश्न विचारत नाही. मला मात्र वाटते की हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि तो धर्माच्या बाजूनेच विचारला पाहिजे.

हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांनी कथन केलेली एक हदीस अबू दाऊद, तिर्मिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. वाळवंटातून आलेल्या काही अरबांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की आम्ही औषधोपचार करावा काय? आपण (स.) होकार दिला आणि सांगितले की अल्लाहने असा कोणताही रोग ठेवलेला नाही ज्यासोबत त्याचा इलाज ठेवला नाही, अपवाद फक्त एकाचा. तो कोणता, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, म्हातारपण. या हदीसचा पूर्वार्ध आपण व्याख्यानांतून ऐकतो आणि शेवटचा अपवाद घरात वापरतो. मधुमेह झाला तर पूर्वार्ध आठवतो, गुडघे दुखू लागले की अपवाद आठवतो.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो. गुडघ्याची झीज, जिला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, ही व्याधी आहे की वार्धक्य? वार्धक्य असेल तर तिच्याशी झगडणे व्यर्थ आहे, आणि तारुण्य परत मागण्याचा हट्ट मोमिनाला शोभत नाही. व्याधी असेल तर इलाज शोधण्याची मोकळीकच नव्हे, प्रेरणा आपल्याला दिली गेली आहे. मग तिला वार्धक्य म्हणून बाजूला सारणे ही दुसऱ्याच्या वेदनेबाबतची बेपर्वाई ठरते. प्रश्न वैद्यकाचा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर आपले एक कर्तव्य अवलंबून आहे.

उत्तर शोधायचे तर गुडघ्याची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. मांडीचे हाड खाली येऊन नडगीच्या हाडावर टेकते, तेथे आतल्या बाजूचा आणि बाहेरच्या बाजूचा असे दोन कप्पे असतात. दोन्ही ठिकाणी हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. सपाट रस्त्यावर चालताना दर पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो, जिन्यावर तो आणखी वाढतो. हा भार दोन्ही कप्प्यांत सारखा वाटला जात नाही. आपण एका पायावर येतो त्या क्षणी शरीराचे बहुतेक वजन त्या पायाच्या आतल्या अंगाला असते. जमिनीकडून वर येणारे बल गुडघ्याच्या आतून जाते आणि गुडघ्याला बाहेर ढकलून आतला कप्पा आवळते. त्यामुळे पाय अगदी सरळ असलेल्या निरोगी माणसातही चालताना सुमारे ६० ते ७० टक्के भार आतला कप्पाच उचलतो.

आता पाय जरा कमानीसारखे असतील, म्हणजे उभे राहिल्यावर घोटे जुळतात पण गुडघ्यांमध्ये अंतर राहते, तर खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओढलेली सरळ रेषा गुडघ्याच्या मधून न जाता आतल्या बाजूने जाते. आतल्या कप्प्याचा वाटा वाढतो. तिथली कूर्चा झिजते, झिजल्याने पाय आणखी वाकतो, वाकल्याने भार आणखी आत सरकतो. अशा माणसाच्या एक्स-रेत आतल्या बाजूची फट बुजलेली दिसते, हाडाला हाड लागलेले असते. आणि त्याच गुडघ्यातली बाहेरची फट पुष्कळदा शाबूत असते.

येथे क्षणभर थांबावे. गुडघा एक, मालक एक, वय एक. आतल्या कप्प्याचे वय साठ आणि बाहेरच्याचे चाळीस, असे नसते. मग एक का झिजला आणि दुसरा का टिकला? वय हे एकच कारण असते तर दोन्ही सोबत झिजले असते. वयाचा वाटा आहेच. कूर्चेची डागडुजी वयानुसार मंदावते हे कोणी नाकारत नाही. आनुवंशिकता आहे, जुनी दुखापत आहे, वाढलेले वजन आहे. परंतु त्या कप्प्यावर वर्षानुवर्षे त्याच्या वाट्यापेक्षा जास्त ओझे पडत होते, हे एक वेगळे कारण आहे आणि ते वयात मिसळून टाकता येत नाही. ओझ्याच्या चुकीच्या वाटणीला आपण म्हातारपण म्हणतो तेव्हा हदीसमधला अपवाद आपण त्याच्या जागेवरून उचलून भलतीकडे लावलेला असतो.

ही वाटणी बदलण्यासाठी जी शस्त्रक्रिया केली जाते तिचे नाव हाय टिबियल ऑस्टिओटॉमी. १९६१ मध्ये इंग्लंडमधील जॅक्सन आणि वॉ यांनी गुडघ्याच्या झिजेसाठी केलेल्या अशा शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि १९६५ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या कॉव्हेन्ट्री यांच्या लेखानंतर ती सर्वदूर गेली. तिची कल्पना साधी आहे. झिजलेल्या कूर्चेला दुरुस्त करण्याचा प्रयत्न ती करत नाही. गुडघ्याच्या जरा खाली नडगीचे हाड आतल्या बाजूने जवळजवळ आरपार कापतात, बाहेरचा थोडा भाग बिजागरीसारखा जोडलेला ठेवतात, आणि कापलेली फट काही मिलिमीटर उघडून धातूची पट्टी व स्क्रू लावून पक्की करतात. दुसऱ्या पद्धतीत बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून फट मिटवतात. पाय काही अंशांनी सरळ होतो, भाराची रेषा आतून मध्याच्या किंचित पलीकडे, शाबूत असलेल्या बाहेरच्या कप्प्याकडे जाते. सहसा साठीच्या आतल्या, कष्टाचे काम करणाऱ्या आणि एकाच कप्प्यात झीज असलेल्या रुग्णांना ती सुचवली जाते. सगळा गुडघाच झिजला असेल तर सांधेरोपणाचा मार्ग वेगळा आहे, त्याची चर्चा येथे नको.

बाजार समितीत पोती उचलणाऱ्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी हीच शस्त्रक्रिया सुचवली होती. वय ४९. असरच्या नमाजनंतर ते थांबले आणि एक्स-रे माझ्यापुढे धरून म्हणाले, “मौलाना, गुडघा आतून खराब आहे, हे या फोटोत दिसतं. पण डॉक्टर म्हणतात, गुडघा तसाच ठेवू, खालचं हाड कापू. ते हाड तर चांगलं आहे! अल्लाहनं दिलेलं चांगलं हाड आपल्या मर्जीनं कापून घ्यायचं, हे चालेल का?”

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाने तो विचारला, आणि फिक्हच्या वर्गात बसलेल्यालाही तो विचार करायला लावील. आपले शरीर ही अमानत आहे. आपण त्याचे विश्वस्त आहोत, मालक नाही. म्हणून स्वतःला इजा करून घेणे वर्ज्य आहे. सडलेला अवयव काढण्याची परवानगी सहज पटते, कारण तो अवयव आधीच गेलेला असतो. ताबिईन पिढीतील थोर विद्वान उर्वा बिन जुबैर (रह.) यांचा सडलेला पाय प्रवासात कापावा लागला, ही हकिकत आपल्या वाचकांना ठाऊक आहे. परंतु येथे रोग एका ठिकाणी आहे आणि करवत चालणार दुसऱ्या, निरोगी ठिकाणी. निर्दोषाला शिक्षा द्यावी तसे हे दिसते.

मला सूरह कहफमधील नावेची आठवण झाली. हजरत मूसा (अ.) ज्या ज्ञानी पुरुषाच्या सोबत निघाले होते, ज्यांना हदीसमध्ये खिज्र म्हटले आहे, त्यांनी नावेत बसल्यावर तिला भोक पाडले. मूसा (अ.) यांनी हरकत घेतली आणि ती हरकत रास्त होती, चांगली नाव बिघडवणे हे कोणत्याही कायद्यात नुकसानच आहे. कारण पुढे उलगडले. नाव समुद्रावर मजुरी करणाऱ्या गरिबांची होती, आणि पलीकडे एक राजा नावा बळजबरीने जप्त करत होता. सदोष नाव त्याच्या तावडीतून सुटणार होती. बिघाड केला तो नाव मालकांच्या हाती राहावी म्हणून.

कोणी म्हणेल, खिज्र यांना ईश्वराकडून निश्चित ज्ञान मिळाले होते, हाडाच्या डॉक्टरला कोठे मिळाले आहे? ही शंका योग्य आहे आणि तिच्यावरून घाईने उडी मारू नये. डॉक्टरचे ज्ञान खात्रीचे नसते, शक्यतेचे असते. पण शरीअतने आपले व्यवहार पूर्ण खात्रीवर टांगून ठेवलेले नाहीत. प्रबळ शक्यता, ज्याला फुकहा गालिब गुमान म्हणतात, तिच्यावर कृती करण्याची मुभा दिली आहे. नाहीतर ना व्यापार झाला असता, ना प्रवास, ना न्यायनिवाडा. इमाम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.), ज्यांचे निधन हिजरी ६६० मध्ये झाले, त्यांनी ‘कवाइदुल अहकाम’ या ग्रंथात वैद्यकाची तुलना शरीअतशी केली आहे: दोन्हींचा हेतू हित साधणे आणि हानी टाळणे हाच आहे. प्राण वाचवण्यासाठी हात कापणे त्यांनी याच न्यायाने योग्य ठरवले. नावेच्या प्रसंगावरूनही ते बोलतात: अनाथाची मालमत्ता जुलमी माणूस हिरावून घेईल अशी भीती असेल, तर पालकाने तिच्यात थोडा दोष निर्माण करून ती वाचवणे योग्य आहे. आपण शरीराचे विश्वस्त आहोत, तर आपली जागा त्या पालकाचीच आहे. बाजारातले काम हा त्या गृहस्थांचा समुद्र होता आणि पाय ही नाव.

मात्र पालकाने शहाणपणाने वागले पाहिजे. वैद्यकाचे ज्ञान नसताना इलाज करणारा झालेल्या नुकसानीस जबाबदार राहील, असेही हदीसमध्ये आले आहे. चौकाचौकांत गुडघ्याचे तेल विकणाऱ्यांनी आणि ते पैसे देऊन घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. हाडाच्या फटीत काही भरायचे असेल तर ते रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून घेणार की बाहेरून, आणि बाहेरून असेल तर ते कशापासून बनलेले आहे, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. पुष्कळदा पर्याय उपलब्ध असतात. तंबाखू आणि विडीने कापलेले हाड जुळायला उशीर लागतो, तेव्हा ज्याला अमानतीची चिंता आहे त्याने आधी खिशातली पुडी काढावी. हे मी त्या गृहस्थांनाही सांगितले. ते हसले, पण पुडी त्यांनी काढली.

या शस्त्रक्रियेने चालण्यात नेमके काय बदलते, हे पाहण्यासाठी प्रयोगशाळांत रुग्णांना चालवले जाते. पायांवर छोट्या चकाकणाऱ्या खुणा चिकटवतात, भोवतीचे कॅमेरे त्या टिपतात, आणि जमिनीत बसवलेली फळी प्रत्येक पावलाचे बल मोजते. शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांत गुडघ्याचा आतला कप्पा आवळणारा जोर बराच कमी होतो. वेदना कमी झाल्याने माणूस त्या पायावर विश्वासाने टेकतो आणि चालण्याचा वेग सुधारतो. आपला मूळचा सांधा आपल्यापाशीच राहतो, म्हणून गुडघा पूर्वी वाकत होता तेवढा साधारणपणे पुढेही वाकतो. सजदा आणि तशहुदची बैठक ज्याच्या दिवसाचा भाग आहे त्याला हे किती मोलाचे आहे, ते सांगायला नको.

परंतु १९८५ मध्ये प्रोड्रोमोस, अँड्रियाची आणि गॅलान्ते या अमेरिकी संशोधकांनी जे प्रसिद्ध केले ते मला अधिक विचार करायला लावते. त्यांनी रुग्णांचे चालणे शस्त्रक्रियेच्या आधीही मोजले होते. हाडे सारखीच वाकडी, शस्त्रक्रिया तीच. तरीही ज्यांच्या चालण्यात तो आवळणारा जोर आधीपासून कमी होता त्यांना पुढे अधिक फायदा झाला. ज्यांचा जोर जास्त होता त्यांच्यात पाय पुन्हा आत वाकण्याकडे कल दिसला. १९९० मध्ये आलेल्या पुढच्या अभ्यासातही हाच फरक टिकून होता. कमी जोर असलेले लोक, असे दिसते की, नकळत काही सवयी अंगी बाणवत होते: पाऊल जरा लहान टाकणे, चवडा किंचित बाहेर वळवणे. एक्स-रेवर दिसणारी रेषा सर्जन बदलू शकतो. त्या रेषेवर माणूस रोज कसा चालतो, हे त्या माणसाचेच राहते.

अल्लाहने कुरआनमध्ये माणसाच्या चालीकडे वारंवार लक्ष वेधले आहे. हजरत लुकमान आपल्या मुलाला चालीत मध्यम मार्ग ठेवायला सांगतात; सूरह फुरकानमध्ये रहमानच्या सेवकांची पहिली खूणच ही सांगितली आहे की ते जमिनीवर नम्रपणे चालतात. या आयतींचा विषय गर्व आणि विनय हा आहे, गुडघा नव्हे, आणि आधुनिक शोध त्यांत कोंबून भरण्याची आजची हौस मला मान्य नाही. एवढे मात्र खरे की चाल ही माणसाने जबाबदारी घ्यावी अशी कृती आहे, हे आम्हाला परके नाही. इलाज करून घेतला आणि आपले काम संपले, असे होत नाही. व्यायामाने मांडीचे स्नायू पुन्हा बळकट करणे, वजन कमी करणे, हे रुग्णाच्या वाट्याचे कर्म आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले की शरीराचे वजन एक किलोने घटले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी, ही प्रेषितांची (स.) शिकवण रमजानच्या इफ्तारला आपण कोठे ठेवतो, ते आपल्या दस्तरखानाला विचारावे.

आणि मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. झिजलेली कूर्चा नवी होत नाही. सुधारणा कायमची नसते. पुष्कळांना दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चांगला जातो, नंतर काहींना सांधेरोपण करावेच लागते. हाड उशिरा जुळणे, जंतुसंसर्ग, पायात गाठ होणे हे धोके आहेत. म्हणजे ओझ्याची वाटणी सुधारता आली, पण वय थांबले नाही. हदीसमधला अपवाद येथे आपल्या खऱ्या जागी येऊन बसतो. रोगाचा भाग इलाजाने काढून टाकल्यावर जे उरते ते म्हातारपण, आणि ते स्वीकारायचे असते. हजरत जकरिया (अ.) यांनी प्रार्थनेत आपली हाडे कमकुवत झाल्याचे अल्लाहपुढे मांडले, ते सूरह मरयममध्ये आहे. त्यांनी ते लपवले नाही, त्यावर त्रागाही केला नाही, आणि त्याच श्वासात पुढचे मागणेही मागितले.

आता सब्रविषयी. या चर्चेत सर्वांत जास्त अन्याय याच शब्दावर होतो. सहीह बुखारीत एका स्त्रीची हकिकत आहे. तिला झटके येत. ती प्रेषितांकडे (स.) आली आणि आपल्यासाठी दुआ करण्याची विनंती केली. आपण (स.) तिच्यापुढे दोन मार्ग ठेवले: सब्र केलास तर तुझ्यासाठी स्वर्ग आहे, आणि इच्छा असेल तर तू बरी व्हावीस म्हणून मी दुआ करतो. तिने सब्र निवडला. मात्र झटका आला की अंगावरचे वस्त्र सरकते, तेवढे होऊ नये यासाठी दुआ करा, असे ती म्हणाली. आणि ती दुआ केली गेली.

या हकिकतीतून आपण इतकेच उचलतो की सब्र श्रेष्ठ आहे. पण पाहा, निवड कोणी केली? तिच्या भावाने नाही, मुलाने नाही, आणि खुद्द प्रेषितांनीही (स.) तिच्या वतीने केली नाही. पर्याय तिच्यापुढे ठेवले गेले आणि उत्तराची वाट पाहिली गेली. शिवाय तिचा सब्र सरसकट नव्हता. आजार तिने सोसायचा ठरवला, पण त्यातला जो भाग तिच्या लाजेला सोसवत नव्हता त्यासाठी तिने मागणे मागितले आणि तिला कोणी कमी सब्राची म्हटले नाही. दुसऱ्याच्या नावाने सब्र करता येत नाही, जसा दुसऱ्याच्या नावाने रोजा धरून आपण उपाशी राहिल्याचे सांगता येत नाही. मुलगा आईला सब्र कर म्हणतो तेव्हा सोसायचे असते आईला, आणि वाचतात ते पैसे मुलाचे.

कठोर वाटेल, पण मोहल्ल्यात राहणाऱ्या इमामाला हे दिसते. अब्बांच्या गुडघ्यासाठी तालुक्याच्या डॉक्टरकडून जिल्ह्याच्या डॉक्टरकडे जाणे होते, कारण त्यांना दुकानात उभे राहायचे असते. अम्मींचे उभे राहणे ओट्यापाशी असते आणि त्याचा हिशेब कोठे लिहिला जात नाही. पन्नाशीतली बाई जमिनीवर बसून भाकरी थापायचे बंद करते, नंतर लग्नाला जायचे बंद करते, नंतर शेजारी जायचेही. प्रत्येक पायरीवर घरातले म्हणतात, वय झाले. तिला कोणी एकदा तरी विचारले काय की तुला काय हवे आहे? तिने सर्व समजून सोसण्याचा निर्णय घेतला तर तो तिचा मान आहे, आणि मी त्यापुढे नम्र आहे. तिच्यापर्यंत पर्यायच पोहोचू दिला नाही, तर त्याला सब्र म्हणू नये. ज्या कुटुंबाची ऐपत नाही आणि जे जकातीस पात्र आहे, त्याच्या इलाजासाठी जकात देता येते. मशिदीच्या वातानुकूलनाची वर्गणी जितक्या सहज जमते तितक्या सहज हेही जमावे, असे मला अनेकदा वाटते.

राहिला नमाजचा प्रश्न, जो शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर प्रत्येकजण विचारतो. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांना प्रेषितांनी (स.) सांगितले की उभे राहून नमाज अदा करावी, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. म्हणजे खुर्ची ही कमजोर इमानाची खूण नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे वॉकर किंवा कुबड्यांच्या आधाराने, पायावर पूर्ण भार न देता चालायचे असते आणि हाड नीट जुळायला काही महिने लागतात. या काळात डॉक्टरने मना केले असताना जिद्दीने सजदा करून पट्टी हलवणे ही धार्मिकता नाही. जखमेवर मलमपट्टी असेल आणि पाणी अपायकारक असेल तर वुजूमध्ये तिच्यावर ओला हात फिरवावा. यात शाफई मतानुसार काही जादा अटी आहेत, त्या आपल्या आलिमाकडून समजून घ्याव्यात. मशिदीत येता येत नसेल त्यांनी मन खट्टू करू नये. आजारी आणि प्रवासी माणसाच्या नावे तो निरोगी व घरी असताना जी कर्मे करीत असे तीच लिहिली जातात, असे हदीसमध्ये आहे. पूर्वी जी पावले तो मशिदीकडे टाकत होता ती थांबलेली नाहीत.

एका गोष्टीत मात्र आपल्याकडे गोंधळ होतो. उभे राहता येते, पण जमिनीवर सजदा करता येत नाही, अशा माणसाने काय करावे? हनफी मतानुसार जो सजदा करू शकत नाही त्याच्यावरून उभे राहण्याचे बंधन उतरते. तो बसून, मान झुकवून खुणेने नमाज अदा करू शकतो. शाफई मतानुसार जेवढे जमते तेवढे बंधनकारक राहते, म्हणून त्याने उभे राहण्याच्या भागात उभेच राहावे आणि रुकू-सजद्यासाठी शक्य तितके झुकावे. कोकणातील आपले बहुसंख्य बंधू शाफई आहेत आणि देशावरचे बहुसंख्य हनफी. मुंबई-पुण्याच्या मशिदीत दोघे एकाच रांगेत असतात. शेजारच्याला खुर्चीसमोर उभा पाहून किंवा बसलेला पाहून टोकू नये. दोघेही आपापल्या मताप्रमाणे बरोबर असतात.

आणि जी सवलत एखाद्या अडचणीमुळे मिळते ती अडचणीसोबतच जाते. हाड जुळले, डॉक्टरने गुडघा टेकायला परवानगी दिली, वेदना सोसवेल इतकी राहिली, की खुर्ची मागे ठेवावी लागते. बाजार समितीतल्या त्या गृहस्थांनी हे मला पाचव्या महिन्यात विचारले. मी त्यांना सांगितले की आधी घरी, गालिच्यावर, कोणी पाहत नसताना एक सजदा करून बघा. जमला तर उद्यापासून रांगेत या, अर्धवट जमला तर आणखी पंधरा दिवस खुर्चीवरच थांबा आणि पुन्हा डॉक्टरला विचारा.